जुन्या ध्वनिवर्धकाचा जीर्णोद्धार

घरातील जुने यंत्र बंद पडले की त्याविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की, त्याचे आयुष्य संपले. आता ते मोडीत घालावे. दुसरे मत असे की, पूर्वीच्या वस्तू भक्कम असत. वीज जोडली की ते पुन्हा चालू लागेल. ही दोन्ही मते घाईची होत. यंत्राचे सर्व भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. काही भाग साठ वर्षांनंतरही नव्यासारखे राहतात, तर काही वीस-पंचवीस वर्षांतच निकामी होऊ लागतात. कोणता भाग टिकला आणि कोणता झिजला हे पारखून, टिकलेल्यास धक्का न लावता झिजलेला तेवढा बदलणे, यालाच यंत्राचा जीर्णोद्धार म्हणता येईल. हे काम कसे चालते, ते अमेरिकेत तयार झालेल्या एका प्रसिद्ध ध्वनिवर्धकाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतून फिरणारी सुई जो विद्युत्संदेश निर्माण करते तो अतिशय क्षीण असतो. त्याचा दाब एका व्होल्टच्या काही सहस्रांश इतकाच भरतो. एवढ्याशा शक्तीने ध्वनिक्षेपकाचा, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील स्पीकरचा, पडदा हलणे शक्य नसते. म्हणून तो संदेश टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. आरंभीचा लहान ध्वनिवर्धक त्याचा दाब वाढवितो आणि शेवटचा शक्तिवर्धक त्यास स्पीकर हलविण्याचे सामर्थ्य देतो. १९५८ साली अमेरिकेच्या बाजारात स्टिरिओ ध्वनिमुद्रिका आल्या. त्यांच्या एकाच खाचेत डाव्या व उजव्या बाजूचा ध्वनी निरनिराळा साठविलेला असे. त्यामुळे ज्या घरी एक वर्धक पुरत होता तेथे आता दोन हवेत, अशी स्थिती आली. फिलाडेल्फिया शहरातील डायनाको या कंपनीने १९५९ साली ‘स्टिरिओ ७०’ नावाचा शक्तिवर्धक विक्रीस आणला. पोलादी पत्र्याच्या एकाच सांगाड्यावर प्रत्येकी ३५ वॉट शक्तीचे दोन वर्धक त्यात बसविले होते. दोहोंची बेरीज ७०. म्हणून ते नाव.

या यंत्राचे वैशिष्ट्य केवळ त्याच्या आवाजात नव्हते. डायनाकोचे एक संस्थापक डेव्हिड हॅफलर यांनी ते सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेही विकण्याची योजना केली. संचाची किंमत ९९.९५ डॉलर होती. सोबत दिलेल्या पुस्तिकेत कोणती तार कोठून कोठे न्यावयाची, कोणत्या सांध्यास डाख द्यावयाचा, हे क्रमवार सांगितलेले असे. ज्याने असे यंत्र पूर्वी कधी उघडूनही पाहिले नव्हते, अशा गृहस्थासही जेवणाच्या टेबलावर बसून ते जुळविता येई. या संचाचे व जुळवून दिलेल्या यंत्राचे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास नग विकले गेले, असे मानले जाते. जे यंत्र मालकाने स्वतःच्या हातांनी जोडले, ते स्वतःच्या हातांनी उघडताही येते. त्याचा आराखडा गुप्त नाही आणि त्याचे झाकणही कायमचे बंद केलेले नाही. म्हणूनच आजही हे यंत्र घरी दुरुस्त करणे शक्य होते.

दुरुस्तीचे मर्म कळण्यासाठी यंत्राचे अंतरंग थोडे पाहिले पाहिजे. त्यात एकंदर सात व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचनळ्या, आहेत. जीझेड ३४ नावाचा एक व्हॉल्व्ह उलटसुलट वाहणाऱ्या विजेस एकाच दिशेने वाहावयास लावतो. ७१९९ नावाचे दोन व्हॉल्व्ह आलेला संदेश वाढवून त्याचे दोन भाग करतात. ईएल ३४ नावाचे चार व्हॉल्व्ह, प्रत्येक बाजूस दोन, प्रत्यक्ष शक्ती पुरवितात. व्हॉल्व्हच्या आत एक तप्त नळी असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटून समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते. जाळीवर ऋण दाब ठेवला की इलेक्ट्रॉनांचा ओघ कमी होतो. तो दाब थोडा सैल केला की ओघ वाढतो. पाटाच्या पाण्याला दारे धरणारा शेतकरी खोरेभर माती इकडची तिकडे करून साऱ्या वाफ्याचे पाणी वळवितो. जाळीवरील लहानसा संदेशही तसाच मोठा प्रवाह कमी-अधिक करतो. वर्धनाचे रहस्य हेच आहे.

प्रत्येक बाजूस दोन ईएल ३४ का लागतात? लाकडाचा मोठा ओंडका चिरताना दोन कारागीर करवतीची दोन टोके धरून आळीपाळीने ओढतात. हे दोन व्हॉल्व्ह तसेच काम करतात: ध्वनिलहरीचा एक अर्ध एकजण ओढतो, दुसरा अर्ध दुसरा ओढतो. ज्याची ओढण्याची पाळी नसेल त्यानेही करवत अगदी सैल सोडून चालत नाही. तशी सोडली तर दिशा पालटताना हिसका बसतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत या हिसक्यामुळे हलक्या स्वरांना खरखर येते. उलट, दोघांनीही सारखाच जोर लावून ठेवला तर ते विनाकारण थकतात. व्हॉल्व्ह तापून लवकर जळतो. म्हणून संगीत वाजत नसतानाही प्रत्येक व्हॉल्व्हमधून एक ठरावीक प्रवाह वाहता ठेवावा लागतो. जाळीवरील ऋण दाब कमी-अधिक करून तो प्रवाह ठरविणे, यास या धंद्यातील लोक बायस लावणे असे म्हणतात.

यंत्र उघडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. या यंत्रात ४०० व्होल्टपेक्षाही अधिक दाब असतो, आणि तो मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा आहे. विजेचे बटण बंद केले, इतकेच नव्हे तर दोरी भिंतीतून काढून घेतली, तरीही आतील धारित्रांत, ज्यांना दुकानात कपॅसिटर म्हणतात त्यांत, वीज साठून राहते. म्हणून जाणकार मनुष्य प्रथम दोरी काढतो, काही काळ थांबतो, योग्य रोधकामार्फत धारित्रांतील वीज उतरवितो आणि मापक लावून दाब शून्य झाल्याची खात्री करतो. चालू यंत्रात माप घेणे भागच पडले तर तो एक हात खिशात किंवा पाठीमागे ठेवतो. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरून हृदयाजवळून दुसऱ्या हाताकडे जाण्याचा धोका असतो. विजेच्या कामाचा अनुभव असलेल्या प्रौढ माणसाचेच हे काम होय. मुलांनी ते दुरून पाहावे, मापे वहीत उतरून घ्यावीत. पण उघड्या यंत्रास हात लावू नये.

आता काय टिकते आणि काय झिजते ते पाहू. यंत्रातील सर्वांत जड व मोलाचे भाग म्हणजे त्याचे तीन रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. त्यांपैकी एक वीज पुरविणारा असून बाकीचे दोन स्पीकरकडे शक्ती पोहोचवितात. लोखंडी पत्रे आणि तांब्याची तार यांनी ते बनलेले असतात. अतिरेकी प्रवाहाने जळले नाहीत तर ते पिढ्यानपिढ्या टिकतात. धारित्रांची गोष्ट वेगळी. मोठ्या विद्युत्-अपघटनी धारित्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि मध्ये ओलसर द्रव्य असते. कालांतराने ते द्रव्य वाळते. यंत्र बरीच वर्षे पडून राहिले तर ऑक्साइडचा थरही दुर्बल होतो. अशा यंत्रास एकाएकी पूर्ण दाब दिला तर धारित्रातून भलताच प्रवाह वाहू लागतो, आणि त्यात जीझेड ३४ व्हॉल्व्ह किंवा रोहित्रही बळी पडू शकतो. म्हणजे, “चालते का ते पाहू,” असे म्हणून केवळ कुतूहलाने लावलेले बटणच यंत्राचा टिकलेला भाग नष्ट करू शकते.

दुसरा झिजणारा भाग आकाराने लहान, पण परिणामाने मोठा आहे. ७१९९ कडील संदेश ईएल ३४ च्या जाळीकडे नेणारी चार लहान धारित्रे यंत्रात असतात. त्यांनी संदेश तेवढा जाऊ द्यावा आणि मागचा स्थिर धन दाब अडवून धरावा, अशी अपेक्षा असते. जुनेपणामुळे ती थोडी जरी झिरपू लागली तरी जाळीवरील ऋण दाब घटतो, व्हॉल्व्हमधील ओघ अनावर होतो आणि आतील पट्टी लालबुंद होते. तिसरा भाग म्हणजे ऋण दाब तयार करणारा सेलेनियमचा एकदिशकारक. तो म्हातारा झाला की ऋण दाब कमी पडतो आणि परिणाम तोच होतो. तो जळाला तर उग्र दुर्गंधी सुटते आणि तो धूर विषारी असतो. त्याच्या जागी सिलिकॉनचा लहान डायोड बसविता येतो. याखेरीज कार्बनचे रोधक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आपले मूळ मूल्य सोडतात. तेव्हा प्रत्येकाचे माप घेऊन बिघडलेले तेवढेच बदलावे.

कामाचा आरंभ हत्याराने न करता डोळ्यांनी करावा. यंत्र घरोघरी जुळविलेले असल्यामुळे दोन नगांचे डाख एकसारखे नसतात. कोठे सांधा निस्तेज व खरबरीत दिसतो, कोठे तार नुसती टेकलेली असते, कोठे व्हॉल्व्हच्या उष्णतेने छापील पाटी करपून तिच्यावरील तांब्याची रेघ उचललेली असते. फ्यूजची जागा विशेष पाहावी. वारंवार फ्यूज उडतो म्हणून तेथे जाड तार बसविण्याची खोड सर्व देशांत आढळते. फ्यूज हा यंत्राचा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्यास बांधून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत किंवा तारांची आकृती काढावी. मूळची दोन तारांची दोरी काढून भूसंयोजनासह तीन तारांची दोरी बसविणे केव्हाही हिताचे.

यानंतर रोहित्राची परीक्षा येते. सर्व व्हॉल्व्ह काढून घ्यावेत आणि यंत्र एका साध्या तंतूच्या बल्बामधून, म्हणजे त्याच्याशी एकसरीत, विजेस जोडावे. रोहित्र निरोगी असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत कोठेतरी वीज आडवाटेने जात आहे असे समजावे. बल्ब मधे असल्यामुळे त्या आडवाटेनेही फार मोठा प्रवाह जाऊ शकत नाही. एका स्वस्त बल्बाने एवढ्या मोलाच्या भागाचे रक्षण होते. अमेरिकेतील घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची असते. महाराष्ट्रात ती २३० व्होल्टची आहे. अमेरिकेतून आणलेले असे यंत्र येथील विजेस सरळ जोडले तर रोहित्र जळेल. म्हणून मध्ये दाब उतरविणारा योग्य क्षमतेचा रोहित्र असावाच लागतो.

झिजलेले भाग बदलताना एकावेळी एकच भाग काढावा आणि त्याच जागी नवा बसवून मगच पुढच्याकडे वळावे. विद्युत्-अपघटनी धारित्राच्या धन व ऋण टोकांची अदलाबदल झाली तर ते फुटू शकते. डाख देताना आधी सांधा तापवावा आणि मग त्यावर डाखाची तार टेकवावी. तापलेल्या सांध्यावर डाख आपोआप पसरतो. थंड सांध्यावर टाकलेला डाख गोळी होऊन बसतो आणि पुढे तेथेच बिघाड होतो. जुन्या डाखात शिसे असते. म्हणून खोलीत वारा खेळता असावा आणि काम संपताच हात स्वच्छ धुवावेत.

नवे भाग बसविल्यावर जीझेड ३४ व चारही ईएल ३४ बाहेर ठेवून जाळ्यांवरील ऋण दाब मोजावा. तो साधारण ३० ते ४० व्होल्ट या मर्यादेत फिरविता आला पाहिजे. आरंभी तो जास्तीत जास्त ऋण ठेवावा. म्हणजे दार जवळजवळ मिटलेले राहील. त्यानंतर स्पीकर जोडून, व्हॉल्व्ह बसवून यंत्र सुरू करावे आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर नजर ठेवावी. लाली दिसताच यंत्र बंद करावे. दहा-पंधरा मिनिटांत यंत्र नीट तापले की, कोणताही संदेश न देता, बायस लावण्यास आरंभ करावा.

येथे शाळेत शिकलेला ओहमचा नियम उपयोगी पडतो. प्रत्येक बाजूच्या दोन ईएल ३४ मधून येणारा सर्व प्रवाह १५.६ ओहमच्या एका रोधकातून जातो. त्या रोधकावर १.५६ व्होल्ट दाब दिसेपर्यंत फिरकी फिरवावी, असे डायनाकोच्या पुस्तिकेत सांगितले होते. १.५६ ला १५.६ ने भागले तर ०.१ अँपिअर, म्हणजे १०० मिलिअँपिअर येतात. प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाट्याला ५०. ताज्या कोरड्या घटाचा दाबही याच्या जवळपास असतो. तेव्हा मापक खरे बोलतो की नाही, हे त्यावर पडताळता येते. सुमारे ४०० व्होल्ट दाबाखाली ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहिला की व्हॉल्व्हमध्ये २० वॉट उष्णता निर्माण होते. ईएल ३४ च्या पट्टीची मर्यादा २५ वॉट आहे. म्हणजे आकडा योग्य असला तरी सोय फार मोठी नाही.

या मापात एक मेख आहे. रोधक दोन व्हॉल्व्हमध्ये सामाईक असल्यामुळे मापक केवळ बेरीज सांगतो. एका व्हॉल्व्हमधून ७० आणि दुसऱ्यामधून ३० मिलिअँपिअर वाहत असले तरी बेरीज १०० च भरेल आणि मापक १.५६ व्होल्टच दाखवील. प्रत्यक्षात पहिला व्हॉल्व्ह २८ वॉट उष्णतेने जळत असेल आणि दुसरा आळसात बसलेला असेल. अशा असमतोलाने रोहित्राचे लोखंडही एका बाजूस चुंबकित होते आणि खर्ज स्वर बिघडतात. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह समान गुणांचे, जोडीने निवडलेले असावेत. काही दुरुस्ती करणारे प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र लहान रोधक बसवून दोघांचे प्रवाह निरनिराळे मोजतात. ईएल ३४ व्हॉल्व्ह स्लोव्हाकियासारख्या देशात आजही नव्याने तयार होतात. ७१९९ मात्र सहज मिळत नाहीत, तेव्हा चांगले असल्यास ते जपून ठेवावेत. तसेच, १९५९ च्या मानाने आज भिंतीतील दाब पुष्कळ ठिकाणी थोडा अधिक असतो. म्हणून कित्येकजण प्रत्येक व्हॉल्व्हला ४० मिलिअँपिअरच देतात. तेव्हा मापक सुमारे १.२५ व्होल्ट दाखवितो. आकड्यामागील कारण ज्यास कळले, त्यालाच आकडा बदलण्याचा अधिकार येतो.

तासाभराने माप पुन्हा घ्यावे; तापलेले यंत्र थोडे सरकते, जसा नव्याने लावलेला तंबोरा काही वेळाने पुन्हा जुळवावा लागतो. मग शक्तीची परीक्षा करावी. स्पीकरऐवजी ८ ओहमचा मोठा रोधक जोडून १००० हर्ट्झचा संदेश दिला असता लहर न कापली जाता १६.७ व्होल्ट मिळाले, तर शक्ती ३५ वॉट भरली असे समजावे. कारण दाबाचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. घरघर ऐकू आली तर कानही निदान करू शकतो. अमेरिकेतील वीज सेकंदास ६० आवर्तनांची आहे. ६० आवर्तनांचा खोल गुंजारव असेल तर दोष बहुधा तारांत किंवा भूसंयोजनात असतो. १२० चा, म्हणजे वरच्या सप्तकातील, असेल तर मोठ्या धारित्राकडे संशय जातो. यंत्र स्टिरिओ असल्याचाही मोठा लाभ आहे. दोन्ही बाजू एकाच आराखड्याच्या असल्यामुळे निरोगी बाजूचे प्रत्येक माप रोगी बाजूस कसोटी म्हणून उपयोगी पडते. दोष शोधण्यास याहून चांगला गुरू नाही.

शेवटी एका कार्डावर दिनांक, बदललेले भाग, व्हॉल्व्हच्या जोड्या आणि मापे लिहून ते यंत्राच्या झाकणाला बाहेरून, उष्णतेपासून दूर, जोडून ठेवावे. व्हॉल्व्ह वापराने हळूहळू झिजतात. म्हणून काही महिन्यांनी बायस पुन्हा तपासावा लागतो आणि त्या वेळी मागचे आकडे हाताशी असले की फरक तत्काळ लक्षात येतो. जीर्णोद्धार झालेले यंत्र नवे होत नाही. ते जुनेच राहते, पण विश्वासास पात्र होते. त्याचे रोहित्र, त्याचा सांगाडा आणि ज्या कोणी ते प्रथम जोडले त्याचे निर्दोष डाख तसेच राहतात. जे चांगले आहे ते ओळखून जपणे आणि जे गेले ते मोजून मगच बदलणे, एवढी शिस्त ज्याच्या अंगी आली त्याच्या हाती कोणतेही जुने यंत्र निर्धास्तपणे सोपवावे.